अकरावा खांब

नगरपालिकेनं पाटी लावलीय:
चालण्याचा मार्ग, लांबी एक किलोमीटर दोनशे मीटर.
सायकल हळू. थुंकू नये. पुलावर गर्दी करू नये.

पूल म्हणजे बार्शीबाहेर, खाऱ्या ओढ्यावरचा
छोट्या गाडीचा लाकडी सांगाडा.
बावीस सागवानी खांब, तिरपे वासे,
वर आता नव्या फळ्या, दोन्हीकडं जाळी
आणि चॉकलेटी रंग, अजून बोटाला लागणारा.

डॉक्टर म्हणाले, साखर तीनशे दहा, रोज चाला.
म्हणून मी चालते,
जिथं पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन
म्हणायचे अण्णा, तिथंच.

अण्णा चावीवाले. शिवमूर्ती रेवणप्पा हत्तुरे, गँग नंबर सात.
खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा,
डब्यात डांबर, फडक्यात कडक भाकरी.
पहाटे पुलाखाली शिरायचे
आणि एकेका खांबाला विचारायचे, कसा आहेस.
चांगलं लाकूड टण्ण बोलतं.
कुजलेलं बद्.
एवढीच त्यांची विद्या, पण ती घरभर चालायची:
बाजारातलं मडकं, कलिंगड,
खोकला झाला की माझी पाठ.
मला बघायला आलेल्यांच्या घरी जाऊन
चौकट वाजवून आले एकदा.
बद्, म्हणाले आईला,
आणि ते स्थळ तिथंच राहिलं.

मग मोठी लाइन आली, दुसरीकडून गेली.
रूळ ट्रकात भरून नेले.
पूल राहिला, कारण पाडायला जास्त खर्च होता.
वीस वर्षं त्याच्यावर शेळ्या,
खाली घाणेरी, आणि पहाटे टमरेलं घेतलेली माणसं.

पहिल्या संध्याकाळी मी अण्णांना रिक्षानं घेऊन गेले.
टोकाशी थांबले. मान डावीकडं, मग उजवीकडं.
गाडी येणार नाही हे त्यांना
माझ्या आधीपासून माहीत आहे.
मानेला कुणी कळवलं नव्हतं.

काठीला खाली रबर. त्याचा आवाज निघेना.
काठी उलटी करून माझ्या हातात दिली:
खाली उतर.
अहो अण्णा, माझ्या गुडघ्यात...
उतर.

मी, अठ्ठावन्न वर्षांची निवृत्त मुख्याध्यापिका,
पदर खोचून घाणेरीतून ओढ्यात.
कोरड्या वाळूत तुटकी चप्पल, गुटख्याच्या पुड्या.
काठीच्या मुठीनं खांब वाजवू लागले.
वर फळ्यांवर अण्णा पालथे झोपलेले,
कान लाकडाला.
फिरायला आलेली माणसं त्यांना वळसा घालत होती,
एक पोरगी म्हणाली, आजोबा पडले वाटतं.

सातवा. टण्ण. आठवा. टण्ण.
अकरावा.
मला काही वेगळं ऐकू आलं नाही.
परत, वरून आवाज आला.
परत मारला.
आता खालच्या अंगाला.
आणि मग मलाही आलं ऐकू,
नव्या रंगाच्या आत, कुणीतरी गादीवर बसल्यासारखं.

अर्ज दिला. कनिष्ठ अभियंता वाघमोडे भला माणूस,
चहा पाजला, प्रमाणपत्र दाखवलं,
पुण्याच्या संस्थेचं, गोल शिक्क्याचं.
मॅडम, वडिलांचं वय किती?
चौऱ्याऐंशी.
ते हसले नाहीत, ते बरं केलं.
अर्जावर आवक क्रमांक पडला, दोनशे सहा.

आता अण्णांना बाहेर पडवत नाही.
मी फिरून येते, बूट काढते, पाणी पिते.
पोरं सायकली उडवत पूल ओलांडतात,
अकराव्यावर मी कठडा धरून कडेकडेनं जाते,
लोक म्हणतात, हत्तुरे बाई भित्र्या.

आतल्या खोलीतून विचारतात,
अकरावा?
उभा आहे, मी म्हणते.

थोडा वेळ नुसता पंखा.

उभा आहे का ते विचारलं नाही, पोरी.
काय बोलला ते सांग.